तेराव्या गुणसूत्रावरील ‘रिकामी’ जागा : असांकेतिक आरएनए आणि कर्करोग यांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

चिरकारी लसिकापेशीय ल्यूकेमिया हा रक्ताचा कर्करोग पाश्चात्य देशांतील प्रौढांत वारंवार आढळतो. आशियाई लोकांत तो तुलनेने विरळ आहे. या रोगात बी-लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात, अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत साचत जातात. या पेशी अतिशय वेगाने वाढतात यापेक्षा त्या वेळच्या वेळी मरत नाहीत, हेच या रोगाचे मुख्य लक्षण मानले जाते. इ. स. २००० मध्ये जर्मनीतील उल्म व हायडेलबर्ग येथील संशोधकांनी अशा ३२५ रुग्णांच्या गुणसूत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५५ टक्के रुग्णांच्या रोगट पेशींत तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक तुकडा नाहीसा झालेला आढळला. ज्यांच्यात एवढा एकच दोष होता त्यांचे निदानापासूनचे मध्यक आयुष्य १३३ महिने भरले. उलट ज्यांच्या सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा भाग नाहीसा झाला होता त्यांचे मध्यक आयुष्य अवघे ३२ महिने होते.

एकाच रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत गुणसूत्राचा एकच तुकडा गळून पडतो ही गोष्ट योगायोगाची असू शकत नाही. त्या तुकड्यात पेशीला आवर घालणारे काहीतरी असले पाहिजे, हे अनुमान १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच करण्यात येत होते. परंतु ते ‘काहीतरी’ कोणते, याचे उत्तर दशकाहून अधिक काळ मिळाले नाही. युरोप-अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळा त्या जागेचा तपास करीत होत्या. साधने उत्तम होती, नमुने पुरेसे होते. तरीही जागा रिकामीच दिसत होती. २००२ मध्ये उत्तर मिळाले, तेव्हा असे दिसून आले की जागा कधीच रिकामी नव्हती. जे शोधले जात होते ते तेथे नव्हते आणि जे तेथे होते ते कोणी शोधत नव्हते.

हे प्रकरण प्रथिनांचा संकेत न वाहणाऱ्या, म्हणजेच असांकेतिक, आरएनए रेणूंच्या इतिहासातील एक मध्यवर्ती प्रकरण होय. रोगाचे कारण ओळखण्यास इतका विलंब का लागला आणि कारण हाती आल्यावरही उपचाराचा मार्ग भलत्याच बाजूने का आला, हे दोन प्रश्न त्यातून उभे राहतात. त्यांचा क्रमाने विचार करणे उचित ठरेल.

२

तेराव्या गुणसूत्राच्या याच पट्ट्याला कर्करोगाच्या आनुवंशिकीत पूर्वीपासून मानाचे स्थान होते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी बालकांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदाच्या आकडेवारीवरून असा सिद्धांत मांडला की, काही अर्बुदे एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर उद्भवतात. ते जनुक १९८६ मध्ये हाती आले. त्याचे स्थान तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरील चौदाव्या पट्ट्यात होते आणि ते एका प्रथिनाचे जनुक होते. अर्बुदरोधक जनुकाचे हे पहिले ठोस उदाहरण. त्यामुळे ल्यूकेमियातही हाच पट्टा नाहीसा होतो असे आढळताच प्रथम संशय याच जनुकावर जाणे स्वाभाविक होते. तो संशय फोल ठरला. ल्यूकेमियात नाहीसा होणारा समाईक भाग त्याच्या शेजारी, पण त्याहून वेगळा होता. मात्र संशयित व्यक्ती बदलली तरी संशयिताची जात बदलली नाही. नवे जनुकही प्रथिनाचेच असणार असे गृहीत धरून तपास पुढे चालू राहिला.

हे गृहीत निव्वळ हट्टातून आलेले नव्हते. त्याच्या मागे चाळीस वर्षांच्या यशाचा इतिहास होता. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५७ मध्ये दिलेल्या आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात माहितीचा ओघ न्यूक्लिइक आम्लांकडून प्रथिनांकडे वाहतो आणि प्रथिनांकडून परत फिरत नाही, हे तत्त्व मांडले. आरएनए हा केवळ निरोप्या आहे असे या तत्त्वात कोठेही म्हटलेले नाही. तथापि अध्यापनाच्या सोयीसाठी ते ‘डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन’ अशा सूत्रात आवळले गेले आणि सूत्राच्या मधल्या पदाला दुय्यमत्व आले. पेशीतील बहुतेक आरएनए प्रथिनांचा संकेत वाहत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. प्रथिने जेथे घडतात त्या रायबोसोमांतील आरएनए आणि ॲमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए ही त्याची परिचित उदाहरणे होती. परंतु हे दोन्ही प्रथिननिर्मितीच्या कारखान्यातील सेवक असल्यामुळे त्यांच्या अस्तित्वाने सूत्राला बाध येत नव्हता.

येथे एका विस्मृत वळणाची नोंद करणे आवश्यक आहे. १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी जनुकांच्या नियंत्रणाची आपली उपपत्ती मांडली, तेव्हा जनुकाला दाबून ठेवणारा पदार्थ आरएनए असावा असा त्यांचा तर्क होता. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी जिवाणूतील तो पदार्थ प्रत्यक्ष वेगळा केला. तो प्रथिन निघाला. एका जिवाणूतील एका जनुकापुरता तो निर्णय अचूक होता. पुढे मात्र तो सर्व जीवसृष्टीचा निर्णय समजला गेला. १९६९ मध्ये रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी उच्च जीवांत आरएनए रेणू जनुकांचे नियमन करीत असावेत अशी उपपत्ती मांडली. तिचा गौरव झाला, परंतु तिच्या आधारे कोणी शोध आरंभला नाही. १९७२ मध्ये सुसुमु ओनो यांनी प्रथिनसंकेत नसलेल्या विपुल डीएनएसाठी ‘अडगळ’ या अर्थाचा शब्द रूढ केला. मानवी जीनोमचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा प्रथिनांचा संकेत देणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी असल्याचे स्पष्ट झाले. उरलेल्या भागाला एकदा अडगळीची खोली म्हटल्यावर हरवलेली मौल्यवान वस्तू तेथे धुंडाळण्याची बुद्धी सहसा होत नाही.

सूचना मिळाल्या नव्हत्या असे मात्र नाही. कोंबड्यांना विषाणूमुळे होणाऱ्या लसिकार्बुदांत तो विषाणू गुणसूत्रावरील एका ठराविक जागी वारंवार शिरतो, असे १९८९ मध्ये दाखविण्यात आले. त्या जागेतील जनुकास ‘बिक’ असे नाव मिळाले. १९९७ मध्ये त्याच्या आरएनएची रचना तपासली असता त्यात प्रथिनाचा लांब संकेत आढळला नाही. कर्करोगाशी उघड संबंध असलेला, पण प्रथिन न घडविणारा आरएनए याप्रमाणे समोर येऊन उभा राहिला होता. त्याचे करायचे काय, हे सांगणारी चौकट तेव्हा उपलब्ध नव्हती.

३

ती चौकट कर्करोगाच्या प्रयोगशाळेत घडली नाही. ती जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीच्या अभ्यासातून घडली. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतील कृमी सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिज येथे विकासाच्या अभ्यासासाठी निवडला. त्याचे शरीर पारदर्शक असते, पेशींची संख्या निश्चित असते आणि प्रत्येक पेशीची वंशावळ सांगता येते. या कृमीच्या काही उत्परिवर्तित वाणांत वाढीचे वेळापत्रक बिघडलेले दिसे. ‘लिन-४’ हे जनुक बिघडलेला कृमी पहिल्या डिंभावस्थेतील पेशीविभाजने पुन्हा पुन्हा करीत राही. ‘लिन-१४’ हे जनुक निकामी झालेला कृमी ती अवस्था वगळून पुढे जाई. पहिले जनुक दुसऱ्याला आवरते एवढे यावरून कळत होते. कसे आवरते ते कळत नव्हते.

१९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोघे काम करीत होते. पुढे दोघांनी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केल्या आणि कामाची वाटणी झाली : ॲम्ब्रोस यांच्याकडे लिन-४, रव्हकुन यांच्याकडे लिन-१४. ॲम्ब्रोस यांच्यासमवेत रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी लिन-४ चा माग काढला, तेव्हा जनुकाचा भाग कमी करीत करीत इतका लहान झाला की त्यात प्रथिन मावणेच शक्य नव्हते. त्यातून निघणारा आरएनए केवळ २२ न्यूक्लिओटाइडांचा होता. दरम्यान रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले होते की, लिन-१४ च्या निरोप्या आरएनएच्या शेपटीकडील भागात नियंत्रणाची जागा आहे. १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या अक्षरमाला एकमेकांना कळविल्या. तो लहानसा आरएनए त्या शेपटीतील सात ठिकाणी अंशतः जुळत होता. १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन्ही शोधनिबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले.

त्यांचे स्वागत थंडपणे झाले, कारण हा प्रकार त्या कृमीपुरताच असावा अशी समजूत होती. सात वर्षे ती टिकली. २००० मध्ये रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने त्याच कृमीत ‘लेट-७’ हा २१ न्यूक्लिओटाइडांचा दुसरा आरएनए शोधला आणि त्याच वर्षी तो माशी व मनुष्य यांच्यासह असंख्य प्राण्यांत जवळजवळ जसाच्या तसा असल्याचे दाखविले. २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन प्रयोगशाळांनी अशा डझनावारी रेणूंच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि त्यांना ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झाले.

या रेणूची घडण व कार्य थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे. पेशीकेंद्रात प्रथम एक लांब आरएनए तयार होतो. त्यातील केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला भाग ड्रोशा हे विकर कापून काढते. पेशीद्रव्यात आल्यावर डायसर हे दुसरे विकर त्याचे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे अंतिम रूप घडविते. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत बसून हा रेणू निरोप्या आरएनएवर आपली जुळणारी जागा शोधतो आणि त्या निरोप्याचा नाश करतो किंवा त्याचे भाषांतर मंदावतो. जुळणी बहुधा अपुरी असते, आणि म्हणूनच एक मायक्रोआरएनए शेकडो निरोप्यांवर अंमल चालवू शकतो. तो कोणत्याही एका प्रथिनाला पूर्णपणे बंद करीत नाही. अनेकांना थोडे थोडे दाबतो. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे. रोग आणि उपचार या दोहोंच्या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे.

४

याच सुमारास फिलाडेल्फियातील थॉमस जेफरसन विद्यापीठात कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज कॅलिन हे रुमानियन संशोधक तेराव्या गुणसूत्रावरील हरवलेल्या जागेचा पिच्छा पुरवीत होते. निरनिराळ्या रुग्णांतील लोपांची तुलना करून समाईक भाग अरुंद करीत जाणे ही पद्धत सर्वच प्रयोगशाळा वापरीत होत्या. या भागात लेउ-१ आणि लेउ-२ अशी दोन जनुके असल्याचे स्टॉकहोम येथील संशोधकांनी १९९७ मध्येच जाहीर केले होते. परंतु रुग्णांच्या उरलेल्या गुणसूत्रावर या जनुकांच्या संकेतभागात अपेक्षित उत्परिवर्तने आढळत नव्हती, आणि नुडसन यांच्या नियमाने पाहता दोन्ही प्रती निकामी झाल्याचा पुरावा मिळत नव्हता. त्यामुळे ही जनुके निर्दोष ठरवून सोडून देण्यात आली होती.

कॅलिन व क्रोचे यांनी समाईक भाग सुमारे ३० हजार अक्षरांपर्यंत अरुंद केला आणि मग नव्याने प्रसिद्ध झालेल्या मायक्रोआरएनएंच्या याद्या त्या भागाशी ताडून पाहिल्या. ‘मिर-१५-ए’ आणि ‘मिर-१६-१’ हे दोन रेणू नेमके तेथेच सापडले. ते लेउ-२ या जनुकाच्या आतच होते. पण ज्या भागाला जनुकाचा उपयुक्त भाग समजले जाते तेथे नव्हे. आरएनए तयार झाल्यावर मधून कापून टाकल्या जाणाऱ्या पट्टीत ते होते. संशोधक ज्या जनुकाची अक्षरे तपासून निघून गेले होते त्याच्याच ‘टाकाऊ’ भागात उत्तर दडले होते. तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्के रुग्णांत हे दोन रेणू नाहीसे झाले होते किंवा त्यांचे प्रमाण घटले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध म्हणजे मायक्रोआरएनए आणि मानवी कर्करोग यांच्या संबंधाचा पहिला पुरावा होय.

दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने तोवर ठाऊक असलेल्या १८६ मायक्रोआरएनए जनुकांची स्थाने गुणसूत्रांवर मांडली. त्यांपैकी ९८ जनुके कर्करोगात मोडणाऱ्या, गळणाऱ्या किंवा दुणावणाऱ्या जागांत अथवा गुणसूत्रांच्या भंगुर स्थानांत होती. अशा कितीतरी जागांवर प्रथिनांच्या जनुकांचा शोध वर्षानुवर्षे चालला होता. एक रिकामी जागा भरली जाताच इतर अनेक रिकाम्या जागांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

५

स्थान सापडणे म्हणजे कार्य कळणे नव्हे. गळून पडलेल्या तुकड्यात दोन रेणू होते एवढ्यावरून त्यांच्या अभावी रोग होतो असे सिद्ध होत नाही. पुढील आठ वर्षांत हा पुरावा तीन बाजूंनी जमत गेला. २००५ मध्ये असे दाखविण्यात आले की, हे दोन्ही रेणू बीसीएल-२ या प्रथिनाच्या निर्मितीला लगाम घालतात. हे प्रथिन पेशीला नियत मृत्यूपासून वाचविते, ही गोष्ट मेलबर्न येथील वॉल्टर आणि एलायझा हॉल संस्थेत १९८८ मध्येच उजेडात आली होती. लगाम सुटला की प्रथिन वाढते आणि मरावयाची पेशी मरत नाही. या ल्यूकेमियाच्या स्वभावाशी ही गोष्ट तंतोतंत जुळत होती. २००७ मध्ये, उतारवयात आपोआप असाच रोग होणाऱ्या न्यूझीलंड काळ्या उंदरांच्या जातीत मिर-१६-१ च्या शेजारी एक उत्परिवर्तन आढळले. अखेर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील उल्फ क्लाइन, रिकार्डो डाल्ला-फावेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतून हे दोन रेणू मुद्दाम काढून टाकले. त्यांतील काही उंदरांना उतारवयात मानवी रोगासारखाच संथ रोग झाला.

परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. उंदरांच्या दुसऱ्या वाणातून केवळ दोन रेणू न काढता भोवतालचा संपूर्ण समाईक भाग काढण्यात आला, तेव्हा रोग अधिक तीव्र झाला. म्हणजे त्या जागेत याहूनही अधिक काही आहे. शिवाय बीसीएल-२ चे प्रमाण या रोगात वाढण्यास अन्य कारणेही आहेत, हे १९९० च्या दशकापासून ज्ञात आहे. सारांश, मायक्रोआरएनएंचा लोप हे रोगाचे एक खरे कारण आहे. संपूर्ण कारण नव्हे. ज्यांच्यात एवढाच दोष आहे त्यांचा रोग संथ असतो, या इ. स. २००० मधील निरीक्षणाशीही हे सुसंगत आहे.

तेराव्या गुणसूत्राच्या त्याच बाहूवर, थोड्या अंतरावर, या कथेची उलटी बाजू आहे. तेथे ‘मिर-१७ ते ९२’ या नावाने ओळखला जाणारा सहा मायक्रोआरएनएंचा समूह आहे. काही लसिकार्बुदांत ही जागा गळण्याऐवजी दुणावते. २००५ मध्ये ग्रेगरी हॅनन, स्कॉट हॅमंड आणि सहकाऱ्यांनी या समूहातील बहुतेक रेणूंचे प्रमाण वाढवून उंदरांतील लसिकार्बुदाची वाढ वेगवान होते असे दाखविले. याप्रमाणे एकाच गुणसूत्राच्या एकाच बाहूवर अर्बुदाला रोखणारे आणि अर्बुदाला साहाय्य करणारे असे दोन्ही प्रकारचे मायक्रोआरएनए नांदतात. दरम्यान इतर उदाहरणे वेगाने पुढे आली. कृमीत वाढीचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या लेट-७ चे प्रमाण फुफ्फुसाच्या कर्करोगात घटलेले असते आणि ज्यांच्यात ते फार घटते ते शस्त्रक्रियेनंतर अल्पकाळ जगतात, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये नोंदविले. पुढल्याच वर्षी लेट-७ हा रास या सुप्रसिद्ध कर्कजनुकाला आवरतो हे फ्रँक स्लॅक यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. कोंबड्यांतील ‘बिक’ जनुकाचे कोडेही सुटले : त्याच्या आरएनएच्या पोटात मिर-१५५ हा मायक्रोआरएनए होता.

दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइडांच्या लांब असांकेतिक आरएनएंचा इतिहास मात्र इतका सरळ नाही, आणि म्हणून तो अधिक सावध करणारा आहे. २००३ मध्ये जर्मनीत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी निगडित असा ‘मॅलॅट-१’ हा लांब आरएनए आढळला आणि तो प्रसारास कारण होतो अशी धारणा बळावली. २०१२ मध्ये हा आरएनए समूळ काढून टाकलेले उंदीर निरोगी निपजले. २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या एका अभ्यासात तोच आरएनए प्रसार रोखतो असा निष्कर्ष निघाला. अर्बुदात एखादा रेणू वाढलेला दिसणे आणि त्याने अर्बुद वाढविणे यांत केवढे अंतर आहे, हे या एका उदाहरणावरून कळावे. पूर्वी असांकेतिक भागात काहीच नाही असे मानण्याची चूक झाली. आता तेथील प्रत्येक रेणूला कार्य चिकटविण्याची उलट चूक होण्याचा संभव आहे.

६

रोगाचे कारण एखाद्या रेणूचा अभाव हे असेल तर तो रेणू परत द्यावा, हा विचार सरळ आहे. या सरळ विचाराची कसोटी २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मिर-३४ हा मायक्रोआरएनए पी-५३ या अर्बुदरोधक प्रथिनाच्या आज्ञेने तयार होतो आणि पेशींची अनिर्बंध वाढ रोखतो. त्याची कृत्रिम प्रतिकृती मेदकणांत भरून यकृताच्या आणि इतर कर्करोगांच्या रुग्णांना शिरेवाटे देण्यात आली. मायक्रोआरएनएची प्रतिकृती कर्करोगाच्या रुग्णांना देण्याचा हा पहिलाच प्रसंग. एकूण ८५ रुग्णांनी या चाचणीत भाग घेतला. तीन रुग्णांत अर्बुद अंशतः आकसले. पण प्रतिकारसंस्थेच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबविण्यात आली.

ऑस्ट्रेलियात याहून सौम्य अनुभव आला. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुफ्फुसावरणास होणाऱ्या मेसोथेलिओमा या कर्करोगात मिर-१५ व मिर-१६ यांच्या कुळातील रेणू घटलेले आढळले होते. म्हणून मिर-१६ ची प्रतिकृती जिवाणूंपासून बनविलेल्या निर्जीव सूक्ष्मकोशांत भरून २६ रुग्णांना देण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, मोजमाप करता आलेल्या २२ रुग्णांपैकी एकाचे अर्बुद आकसले आणि १५ जणांचा रोग काही काळ स्थिर राहिला. ही केवळ प्राथमिक, सुरक्षिततेची चाचणी होती. तिच्यावरून परिणामकारकता सिद्ध होत नाही. मिर-१५५ ला निष्प्रभ करणाऱ्या कोबोमार्सेन या औषधाची त्वचेच्या लसिकार्बुदावरील दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२० मध्ये पूर्ण होण्यापूर्वीच थांबली. ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मायक्रोआरएनएवर आधारलेले एकही औषध कर्करोगाच्या नित्य उपचारात आलेले नव्हते.

याची कारणे रेणूच्या स्वभावातच आहेत. जो रेणू शेकडो निरोप्यांना थोडे थोडे दाबतो, तो अधिक मात्रेत दिला असता काय काय दाबील हे आधी सांगता येत नाही. शिवाय मोकळा आरएनए रक्तात टिकत नाही. मेदकणांत भरला तर तो मुख्यतः यकृतात जातो, आणि परका आरएनए हे विषाणूच्या आगमनाचे चिन्ह समजून प्रतिकारसंस्था खवळते. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे आरएनए-औषध यशस्वी झाले ते नेमके याच्या उलट परिस्थितीत : त्याचे लक्ष्य एकच प्रथिन आहे आणि ते प्रथिन यकृतातच तयार होते. शरीरभर पसरलेल्या कर्करोगात यांपैकी एकही सवलत मिळत नाही.

निदानाच्या क्षेत्रात या रेणूंनी अधिक लवकर जम बसविला. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात विपुल प्रमाणात आढळणारा ‘पीसीए-३’ हा लांब असांकेतिक आरएनए मूत्रात मोजता येतो. त्यावर आधारलेल्या परीक्षेस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मान्यता दिली. वृषणाच्या कर्करोगात रक्तद्रवातील मिर-३७१ चे मापन जुन्या चिन्हकांहून अधिक संवेदनशील असल्याचे जर्मनीतील विस्तृत अभ्यासाने २०१९ मध्ये दाखविले. रेणूला शरीरात नेऊन पोचविण्यापेक्षा शरीराबाहेर आलेला रेणू मोजणे सोपे, हा यातील साधा अर्थ.

आणि ज्या ल्यूकेमियापासून ही कथा सुरू झाली त्याचे काय झाले? मिर-३४ ची चाचणी ज्या वर्षी थांबली त्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, व्हेनेटोक्लॅक्स या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधास चिरकारी लसिकापेशीय ल्यूकेमियासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ते बीसीएल-२ या प्रथिनाला थेट निष्प्रभ करते. प्रथम ते ज्या रुग्णांसाठी मंजूर झाले ते सतराव्या गुणसूत्राचा लोप असलेले, म्हणजे ज्यांचे मध्यक आयुष्य इ. स. २००० मधील पाहणीत ३२ महिने होते त्याच गटातील होते. गमावलेला लगाम परत बसविता आला नाही. लगाम सुटल्यामुळे उधळलेल्या प्रथिनालाच अडविण्यात आले.

७

हे औषध मायक्रोआरएनएच्या शोधाचे फळ होय, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बीसीएल-२ ची हकीकत १९८० च्या दशकात स्वतंत्रपणे सुरू झाली होती आणि मायक्रोआरएनए सापडले नसते तरी ते औषध कदाचित निर्माण झाले असते. तेराव्या गुणसूत्रावरील शोधाने जे दिले ते वेगळे आहे. हा ल्यूकेमिया या प्रथिनावर इतका विसंबून का असतो, याचे एक कारण त्याने पुरविले. दोन स्वतंत्र प्रवाह एकाच ठिकाणी का मिळाले हे त्याने स्पष्ट केले. कारणाचे ज्ञान आणि उपचाराचे साधन एकाच वाटेने येतात ही अपेक्षा सोयीची असली तरी या प्रकरणात ती खरी ठरलेली नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच धर्तीचे आहे. विलंब झाला तो संशोधकांच्या आळसामुळे नव्हे, तर एका यशस्वी पद्धतीवरील पूर्ण विश्वासामुळे झाला. त्याच पट्ट्यातील रेटिनोब्लास्टोमाच्या जनुकाने ज्या नियमांची सवय लावली, त्या नियमांनी शेजारची जागा तपासली गेली. आणि त्या नियमांनुसार ती खरोखरच रिकामी होती. तिला अर्थ देणारी कल्पना कर्करोगाशी संबंध नसलेल्या, उपयुक्ततेचा दावा न करणाऱ्या एका कृमीच्या अभ्यासातून आली आणि सात वर्षे कृमीपुरतीच समजली गेली. या दोन प्रयोगशाळांचे वाचन जर एकमेकांपर्यंत लवकर पोचले असते तर काही वर्षे वाचली असती, असे मानण्यास जागा आहे.

मिर-३४ च्या चाचणीत दगावलेल्या चार रुग्णांचे स्मरण या विवेचनात अप्रस्तुत ठरणार नाही. ‘तेथे काही नाही’ या समजुतीने शोधाला विलंब झाला. ‘आता सर्व समजले’ या समजुतीची किंमत याहून जड असू शकते. दोन रेणू काढलेल्या उंदरांपेक्षा संपूर्ण भाग काढलेल्या उंदरांचा रोग अधिक तीव्र का होता, याचे पुरते स्पष्टीकरण झाल्याशिवाय तेराव्या गुणसूत्रावरील त्या जागेचा हिशेब पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.